पट्ट्याचा ताण

नाना, परवा माझ्या हातून ताणलेला एका गाडीचा पट्टा घाटात तुटला. तुम्हाला हा पट्टा माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा पिंपळनेरात बॅटरीची मोटारसायकल कुणी पाहिलीही नव्हती. चेनच्या जागी तिला दातेरी रबरी पट्टा असतो. तेल नको, ग्रीस नको. ताण मात्र चेनसारखाच बघावा लागतो. ढिला राहिला तर चढावर दात सुटतात, जास्त ओढला तर बेअरिंग खातो आणि एक दिवस स्वतःही जातो.

तो ताण कसा बघायचा हे तुम्हीच शिकवलंत, मी लहान असताना. आई पलीकडे चुलीवर भाकरी टाकतेय, गॅरेजात तिचा धूर येतोय, आणि तुम्ही माझं बोट धरून चेनखाली नेताय. मी वाकून डोळ्यांनी अंदाज घेते तर डोक्यात टपली बसते. "डोयानी नको देखू, बोटले इचार." चाक थोडं फिरवायचं, पुन्हा बोट लावायचं, कारण ताण सगळीकडे सारखा नसतो. पुढे तुमच्यामागे हे गॅरेज मी त्या एका बोटावर चालवलं.

नाना, ते बोट आता काही सांगत नाही. साखरेचा आजार आहे मला. आधी पाय बधिर झाले, मग हाताची बोटं. धुळ्याच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून सुई टोचली. "टोचतंय का?" मी अंदाजानं हो म्हणत गेले. त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "आहे तेवढं सांभाळा. गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही."

पट्टा तुटला ती गाडी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंची. लसींचा डबा मागे बांधून त्या वरच्या पाड्यांवर जातात. चढावर पट्टा कटकट वाजतो म्हणाल्या. मी मागच्या चाकाचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवले आणि पट्ट्याला खालून बोट लावलं. काहीच कळेना. मनगट लावून पाहिलं, कोपर लावून पाहिलं. माप दाखवणारं यंत्र मिळतं म्हणतात, ते मी कधी घेतलंच नव्हतं, गरजच पडली नव्हती. शेवटी बाईंनाच म्हटलं, "जरा दाबून बघा. कसा लागतो?"

"घट्ट शे."

"घट्ट म्हणजे कसा?"

त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली. "ते मले काय कळी, ताई? तुमना हातले काय व्हयनं?"

मी हसले, म्हटलं काही नाही, आणि नट आवळून टाकला. त्यांना थांबवायला हवं होतं.

पट्टा तुटला तेव्हा चढ होता म्हणून गाडी तिथंच थांबली, उतारावर काय झालं असतं कोण जाणे. लसींचा डबा डोक्यावर घेऊन बाई उन्हात पाड्यापर्यंत चालत गेल्या. दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत घालून आणली ती मला दाखवायला नाही, पुढच्या गॅरेजात न्यायला. माझ्या दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "राग नका मानू." राग कसला मानू, नाना? त्या भांडल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते.

ते यंत्र मागवता येईल. पण नट किती आवळला, बोल्टचा आटा तिरपा बसला का, पाना निसटतोय का, हे कशाकशाला विचारत बसू? कालच सायलेन्सरला बोट टेकलं होतं. करपल्याचा वास आला तेव्हा समजलं.

आईला यातलं काही माहीत नाही. हे लिहिलेलं तिच्या हाती लागायला नको, म्हणून फाडून टाकीन. आज सकाळी एक जण चेन ताणून घ्यायला आला. पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, "आज जमणार नाही, उद्या या." तो बरं म्हणून गेला. उद्या आला की त्याला पुन्हा हेच सांगायचं, ते मी आत्ताच ठरवून ठेवलंय.