भिंतीवरचा पहिला प्रश्न

त्या मंगळवारी सकाळी मी दवाखान्याची ओटी झाडली, माठ भरला, बाकडे ओल्या फडक्याने पुसले. खिळ्याला टांगलेला प्लास्टिकचा मणका पुसत होते, तेव्हा हे आतून म्हणाले, "खांदा भरलाय गो. जरा तेल चोळ." मी म्हटले, "कुशीवर झोपला असाल." तेल चोळले आणि भाकरी टाकायला गेले.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. वकिलांनी दिलेला नमुना मी दोनदा वाचला. पण पुढचे सगळे त्या सकाळपासून निघते, म्हणून ती आधी.

मी, गोदावरी अनंता विशे, वय ६४, राहणार सापगाव, ता. शहापूर, जि. ठाणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, हे स्वतःच्या हाताने लिहिते. शाळा चौथीपर्यंत. पुढचे वाचायला मी पेशंटच्या औषधांच्या पाकिटांवरून आणि ह्यांच्या पुस्तकांवरून, कोश मांडीवर घेऊन, आपली आपण शिकले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. खाली लिहिलेली मिळकत माझ्या नावावर आहे.

१. राहते घर व मागचे परस मुलगा हितेश याला. चिकूचे झाड तोडायचे असेल तर तोड. मी विचारायला येणार नाही.

२. रस्त्याकडची दवाखान्याची खोली, ओटी, उपचाराचे टेबल, बाकडे व मणका हे सर्व माझ्या दिराची मुलगी दामिनी हिला. ती हे काम रीतसर शिकली आहे आणि माझे यजमान गेल्यापासून दवाखाना तीच चालवते.

हितेश, ही खोली मोबाईलच्या दुकानाला भाड्याने द्यावी असे तुझ्या मनात आहे. तू ते तोंडावर बोललास, म्हणून राग नाही. पण कारण ऐक.

तुझे बाबा मुंबईला हाताने मणक्याचे उपचार करायला, म्हणजे कायरोप्रॅक्टिक, शिकून आले, तेव्हा पहिले वर्षभर ओटी रिकामी होती. जो येई त्याला फक्त 'कट' असा आवाज हवा असे. आवाज आला की बरे वाटले म्हणायचा, आणि परत यायचा नाही. मग गुणाबाई आली. भातकापणीत तिची कंबर धरली होती. ह्यांनी उपचार केले आणि सांगितले, वजन उचलू नका. चौथ्या दिवशी तिला खाटेवरून आणली. मी म्हटले, "गुणाबाय, भारा उचलला ना?"

"मी नाय उचलला गो! जावेनं उचलून डोक्यावर दिला. मी नुसता खळ्यावर नेला."

हे हसले नाहीत. मला म्हणाले, "चूक तिची नाही. भारा खळ्यावर कसा जातो, हे आपण विचारलंच नाही."

त्या दिवसापासून आपल्याकडे रीत पडली : आधी ओटी, मग टेबल. येणाऱ्याने मणका हातात धरायचा, कुठे दुखते ते त्यावर दाखवायचे. पाणी कोण भरते, लावणीला किती तास वाकता, हे मी विचारायचे. उपचार झाले की उद्या सकाळी उठून काय काय करणार, ते त्याने स्वतःच्या शब्दांत मला सांगायचे. सांगता आले नाही तर पुन्हा बसायचे. मुरबाडकडून लोक यायला लागले ते आवाजासाठी नाही, कोणीतरी नीट विचारते म्हणून. ही रीत दामिनीला येते. मोबाईलवाल्याला येणार नाही.

३. दीर धाऊभावजींनी तेव्हा चारचौघांत टोमणा मारला होता, "दादा दाबतो नि वयनी बडबडते, दोघांचा धंदा जोरात!" भावजी, मी तो वीस वर्षे जपून ठेवला. आता तुमची लेक त्याच ओटीवर बसून दिवसभर बडबडते. टोमणा परत केला. मनात काही उरले नाही.

४. पुस्तके व कोश नात भूमिका हिला. कोशाची पाने सुटी झाली आहेत, क्रमाने लाव. कपाटातली तेलाची बाटली अर्धी आहे. ती मी त्या मंगळवारनंतर उघडली नाही. हितेशने ती माझ्यानंतर परसात ओतावी.

५. खोलीच्या भिंतीवर काळा चौकोन करून आम्ही प्रश्न लिहीत असू. त्यातला पहिला प्रश्न कोणी पुसू नये. दामिनीने कधी दवाखाना सोडला तर खोली हितेशची, मग तिथे खुशाल मोबाईल विका, पण तो प्रश्न राहू द्या. धसईचा एक माणूस तो वाचून माझ्यावर ओरडला होता, "कंबर दाखवाया आलो, नि ही म्हातारी छातीचा विचारते!" दामिनीने कंबरेला हात न लावता त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेले. तो वाचला. दर हंगामात वाल आणून देतो आणि अजून ओरडतो.

हितेश, हे वाचून झाले की काय समजलास ते दामिनीला तुझ्या शब्दांत सांग. "हो हो, समजलं" हे उत्तर मी कधी कोणाकडून घेतले नाही.

त्या मंगळवारी दुपारी हे टेबलाजवळच्या खुर्चीत बसले ते उठले नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले. दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत होते, कुठे, कधीपासून, आणखी काय होते. घरातल्या माणसाला तेल चोळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसे मागच्या अंगणात बसलेली असताना, मी दवाखान्याची खोली उघडली, स्टुलावर चढले आणि सगळ्या प्रश्नांच्या वर खडूने लिहिले : छातीत, डाव्या खांद्यात, हातात दुखते का? घाम, धाप आहे का? मग इथे थांबू नका, आधी मोठ्या दवाखान्यात जा.

(सही) गोदावरी अनंता विशे

आमच्या समोर सही केली. वाचून दाखवल्यावर काय समजलो, ते आम्ही तिला आमच्या शब्दांत सांगितले.

साक्षीदार :
१. गुणाबाई काळू पष्टे, सापगाव (डाव्या हाताचा अंगठा)
२. ज्ञानेश्वर बाळाराम निचिते, निवृत्त शिक्षक, शहापूर (सही)

ठिकाण : सापगाव
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५