ह्यांची माकडटोपी

रविवार, जानेवारी. स्टॅनमोर, नीलेशच्या घरी.

पोचले! लेस्टरहून दोन दिवस सायकल हाणत, बर्फातून. निघताना नीलेशनं फोनवर दम दिला होता, "आई, स्नोमध्ये अडकलीस आणि मला कारनं न्यायला यावं लागलं, तर तुझी सायकल उन्हाळ्यापर्यंत शेडमध्ये." मुलगा आहे की मास्तर?

आज चढावर असा वारा सुटला की कान जागेवर आहेत की गळाले, कळेना. नीलेशला बोलवायला फोन हातात घेतला होता, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात पिशवीत ह्यांची माकडटोपी हाताला लागली. तपकिरी, लोकरीची. हे गेले, पण टोपी काही मी टाकली नाही. जन्मभर चिडवलं ह्यांना, "अहो, सांभाळा, झूवाले धरून नेतील!" तीच कानांवर ओढली. वर हेल्मेट बसेना, तर पट्टा सैल केला. फोन खिशात, आणि मी पेडलवर.

दार नातीनं उघडलं. "आजी, तू माकड दिसतो!"

"दिसतो नाही गं, दिसतेस. आणि माकड नाही, माकडीण."

नीलेश बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "परतीचं ट्रेनचं तिकीट काढू ना, आई?"

"काढ की, तुझं काढ. मी सायकलनं येते, लेस्टरला भेटू."



टोपी रेडिएटरवर वाळतेय. अहो, वरून हसू नका. माकडीण मी असले, तरी टोपी तुमचीच आहे.