ऋतिका कोणाच्याही स्वाधीन नाही

मी, सगुण गोपाळ गावस, वय त्रेसष्ट, राहणार लाटंबार्से, तालुका डिचोली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. साखर वाढली आहे, पण डोके ठिकाणावर आहे, आणि मला कोणी भरीस घातलेले नाही.

आधीचा मसुदा रद्द समजावा. त्यात घर, काजूची बाग, फेणीची भट्टी आणि ती गाळायचे तांब्याचे भाण यांच्या खाली मी लिहिले होते, "मुलगी ऋतिका हिला मुलगा गौरेश याच्या स्वाधीन करतो." आपल्याकडे असेच लिहितात, म्हणून लिहिले. वकीलबाई मोठ्याने वाचत होत्या आणि ऋतिका समोरच चाकाच्या खुर्चीत होती. ती म्हणाली, "बाबा, माका भाणाच्या बाजूक कित्याक मांडलंस? पाय गेले माजे, टकलां नाय गेलां." मला मान वर करवेना. अजून तिच्याशी बोलताना मी दुसरीकडे बघतो.

१. गोव्याच्या कायद्याने मालमत्तेतले अर्धे पत्नी देवकीचे. माझ्या अर्ध्यातलेही अर्धे दोन्ही मुलांना सारखे जाते. राहिले त्यावर माझी मर्जी. ते, म्हणजे भट्टी आणि भाण धरून, गौरेशला.

२. खाणीच्या ट्रकने ऋतिकाला उडवले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. नुकसानभरपाई माझ्या सहीने बँकेत राहिली. ती सज्ञान झाली तरी मी सही सोडली नाही. बापाला सगळे कळते, ही मस्ती. ते पैसे माझे नव्हेत, म्हणून इथे कोणाला देताही येत नाहीत. ते आता ट्रस्टमध्ये घातले आहेत. विश्वस्त दोघी: ऋतिका स्वतः आणि माझी कोरगावची बहीण कमलाक्षी. गौरेशच्या टॅक्सीचे कर्ज, माझी देणी, भावकीतली लग्ने यांसाठी त्यातली दमडी काढू नये.

३. सरकारचे दिव्यांग साहाय्य थेट तिच्या खात्यात यावे. औषधोपचार आणि खुर्चीचा खर्च ट्रस्टने परस्पर भरावा. तिच्या खात्यात मोठी रक्कम दिसली तर साहाय्य अडू शकते, असे वकीलबाई सांगतात. मला ही लबाडी वाटली. त्या म्हणाल्या, "भरपाई म्हणजे कमाई न्हय, सगुणबाब." मी कलम तसेच राहू दिले.

४. गौरेश, आठ वर्षे तू तिला उचलून गाडीत बसवलेस, आणि विश्वस्तांत तुझे नाव नाही. तू चोर नाहीस. पण तू मऊ आहेस, आणि कर्जवाले मऊ माणसालाच गाठतात. हे तोंडावर सांगायचे धाडस झाले नाही, त्याची लाज वाटते.

५. चुलतभाऊ गोकुळदास भरपाई आल्याबरोबर घराच्या स्लॅबसाठी मागायला आला होता. माझ्या बाराव्याला त्याला पोटभर जेवू घालावे. ट्रस्टचा विषय काढल्यास आणखी भात वाढावा.

६. ऋतिकाच्या पश्चात उरलेले पैसे कोणाला, हे ट्रस्टच्या कागदात भरायचे होते. मी सवयीने "गौरेश" म्हणालो. मग थांबलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारले. ती म्हणाली, "तां माज्या मृत्युपत्रात. तुज्या न्हय." ती जागा मी कोरी सोडली आहे.

इतके माझे म्हणणे. वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही करतो.

सगुण गोपाळ गावस

साक्षीदार: १. साईश माईणकर, साखळी २. अंकिता परब, लाटंबार्से

डिचोली, १४ मे २०२५