शिंक्यातले नवे तांदूळ

॥ श्री गावदेवी प्रसन्न ॥

कोंडाणे, ता. १४ सप्टेंबर १९४३

चि. सदूस इंदूअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गणपतीतच मिळालं. उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. रुसायचा मक्ता लहानपणापासून तुझ्याकडे आहे, खोपोलीच्या कारखान्यात गेल्यावर तरी तो सुटला असेल असं धरून चालते.

तुझ्या दाजींना तिजारी तापाने धरलंय. एक दिवस आड थंडी भरते, चार घोंगड्या घातल्या तरी दात वाजतात. कर्जतच्या डॉक्टरांनी औषध दिलंय, उतार पडेल म्हणाले, पण सध्या ओटीवर येऊन बसायचं त्राण नाही.

आणि इकडे हळवा भात पिकून पिवळा झालाय. तू आता शहरगावचा, म्हणून सांगते. इथे पहिली लोंबी कापायचा मान आमच्या घराचा. कर्त्या पुरुषाने ती कापून गावदेवीला वाहिली म्हणजे नवं झालं. तोवर गावात कुणी भाताला विळा लावायचा नाही की नवा दाणा तोंडात घालायचा नाही. दुसऱ्या कुणी कापावी का, म्हणून पोपट गुरवाने देवीला कौल लावला. उजवी कळी पडली तर कापा, डावी पडली तर थांबा. डावी पडली. तेव्हा सगळा गाव तुझ्या दाजींसाठी थांबलाय.

कणगीत हात घातला की आता बोटांना तळाचं सारवण लागतं. तरी तू घोर लावून घेऊ नकोस. जिने थांबायला सांगितलं तिला आमची कणगी दिसत नाही असं थोडंच आहे? चि. सौ. भागीस आशीर्वाद. कळावे, माया आहे तशीच असू दे.

तुझी अक्का

•

खोपोली, ता. १८ सप्टेंबर

ति. स्व. इंदूअक्कास सदूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि पुढचं ताट सारलं. अक्का, भात दारात उभा आणि पोरी अर्धपोटी, ही कुठली रीत? ओढ्याकडच्या कोपऱ्यातल्या दोन पेंढ्या काप, घरात कांड, भात घाल पोरींना. देवी काय लोंब्या मोजत बसली आहे? आणि हस्त लागला की पावसाचा नेम नाही. पिकलेला भात आडवा झाला तर पुढे वर्षभर काय खाणार? तो कौल त्याचं उत्तर देणार आहे का?

दाजींच्या आजारापुढे माझं काही चालत नाही, पण पोटाचं पाहू शकतो. या लढाईच्या दिवसांत दुकानात तांदूळ दिसणं म्हणजे उंबराचं फूल. तरी कारखान्यातल्या एकाच्या ओळखीने गाठोडंभर मिळालेत. तुमच्या गावचा हिरामण घरी येतोय, त्याच्या हाती पाठवतो. मुकाट्याने शिजव. भागी म्हणते की वन्सं काही ऐकायच्या नाहीत. तिला खोटं पाड. दाजींस नमस्कार, पोरींना पापा. लोभ कमी करू नये.

तुझा सदू

•

कोंडाणे, ता. २३ सप्टेंबर

चि. सदूस अ. उ. आ. वि. वि.

हिरामणने गाठोडं आणून दिलं. पोरी भोवती नाचायला लागल्या. थोरली जना आधण ठेवायला धावली. मी गाठ सोडली, मूठभर तांदूळ नाकाशी नेले आणि तशीच बसून राहिले. सदू, बाबा, नवे आहेत रे! कुठल्या तरी गावचं नवं आधी झालं असेल, तिथला भात तुझ्या दुकानात आला. आबांनी तुला लहानपणी शेतावर न्यायचं सोडून शाळेत पाठवलं, त्याची ही फळं.

हसू आणि रडू एकदम आलं. गाठ पुन्हा मारली आणि गाठोडं शिंक्यात टांगलं. धाकटी खाली उभी राहून वर बघत बसते. तेवढं मात्र मला पाहवत नाही, मी परसात निघून जाते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की उठावं आणि शिजवावं. तशी सांजवात लावायला देवळात गेले. देवीपुढे पाहिलं तर नैवेद्याचं पान रिकामं. तेव्हा ध्यानात आलं की नवं तिलाही मिळालेलं नाही. आम्ही थांबलोय, तशी तीही आमच्याबरोबर थांबलीये. मग जीव निवला. जी सोबत उपाशी बसते ती उपाशी मारत नाही.

आणि मारलंही नाही. वरच्या ठाकरवाडीतली बुधी आली, डोक्यावर दोन तवसं, मोठाल्या पावसाळी काकड्या, आणि फडक्यात गेल्या सालची वरी. उन्हाळाभर माझ्याकडचं ताक न्यायची, ते तिने लक्षात ठेवलं. म्हणाली की तिच्याही घरी नवं झालेलं नाय, तवर शेतातल्या वरीकडं बघायचं पन नाय, पन जुनीला कोन इचारतो? शेजारची अंबाबाई तर भांडायलाच आली. तुमच्या तापापायी आमचा भात लोळंल, असं अंगणातून ओरडत होती, आणि ओरडता ओरडता पदराखालची जुनी नाचणी उंबऱ्यावर ठेवून गेली. जातानाही ओरडतच होती.

ह्यांची थंडी परवा भरली नाही. कळावे. रागावलास तरी आशीर्वाद घेऊन रागाव.

तुझी अक्का

•

खोपोली, ता. २७ सप्टेंबर

ति. स्व. अक्कास सा. न. वि. वि.

तू जिंकलीस आणि भागीही जिंकली. नवं-जुनं माझ्या डोक्यातच आलं नाही. तांदूळ दिसले, तुम्ही दिसलात, घेतले. पण मी रागावलोय ते रागावलोयच. धाकटी शिंक्याकडे बघत बसते हे वाचून मला कामावर काही सुचलं नाही. काल घाटावर ढग उतरले, इथे पत्रे उडतील असा वारा सुटला आणि मी तुमच्या भाताला धरून उभा होतो, इथल्या इथे. दाजींना बरं वाटेपर्यंत पोरींना घेऊन इकडे ये. देवीला माझा निरोप सांग की माणसाचा अंत बघू नये. कळावे, चुकलंमाकलं पोटात घालावं.

तुझा सदू

•

कोंडाणे, ता. ३ ऑक्टोबर

चि. सदूस अ. उ. आ. वि. वि.

नवं झालं!

तुझा तो वारा इथेही आला. पाऊस तासभर झोडपत होता. बांधालगतचा भात आडवा झाला, खोटं कशाला सांगू. बाकीचा वाकला आणि सकाळी उन्हाने उभा राहिला. घट बसले, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे आपणहून उठून बसले आणि विळा मागितला. मी नको म्हटलं. हे म्हणाले की तिनं मला उठवलंय ते काय निजायला? पोपट गुरवाने आणि हिरामणने खांदा देऊन बांधापर्यंत नेलं. पुढे यांनी त्यांना मागे सारलं. मी फक्त कोपर धरलं होतं. सगळा गाव, पोरंसोरंसुद्धा, बांधावर विळे घेऊन बसलेला. लोंबी एका घावात आली. ती देवीच्या पायाशी ठेवली तेव्हा अंबाबाई सगळ्यांत मोठ्याने रडली.

आता ऐक. दुपारपासून विळे चालले, पण कापला म्हणून भात काही त्याच दिवशी ताटात येत नाही. तो वाळायचा, झोडायचा, कांडायचा. नव्याच्या दिवशी घरात नवा भात तर शिजायला हवा, आणि गावात कुणाकडे नवा तांदूळ म्हणून दाणा नव्हता. होता तो आमच्या शिंक्यात! गाठोडं खाली काढलं. पहिलं पान देवीला गेलं, मग घरोघर वाटीवाटी दिली, आणि मग पोरी बसल्या. धाकटी जेवता जेवता पानावरच झोपली. सदू, तुझी चूक देवीने सांभाळून ठेवली आणि बरोबर दिवशी वाढली. पुन्हा अशीच चूक केलीस तरी चालेल.

आता तिला कसला निरोप सांगू ते कळव. दसऱ्याला दोघं या. लोभ आहेच, तो वाढो.

तुझी अक्का

•

खोपोली, ता. ६ ऑक्टोबर

ति. स्व. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र भागीला मोठ्याने वाचून दाखवलं. धाकटी पानावर झोपली तिथे मी पत्र तिच्या हाती दिलं, पुढचं तिनेच वाचून घेतलं.

एक सांगायचं राहिलं होतं. ते तांदूळ घेतले तेव्हा थोडे घरीही ठेवले होते. तुझं शिंक्याचं पत्र आलं त्या दिवशी भागीने त्यांचाच भात वाढला. मी हात लावला आणि मागे घेतला. तिला म्हटलं की पोट बिघडलंय, मला भाकरीच दे. मी देवीला तुझ्याइतकं मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण ती तिकडे थांबलेली, तू थांबलेली, गाव थांबलेलं, आणि मी एकटाच इथे कसा जेवू? तेव्हापासून रोज भाकरी. भागीही तीच खात होती. मला वाटलं, माझ्यासाठी वेगळं रांधायचा कंटाळा.

आज पत्र वाचून झालं तशी ती उठली, तांदळाचा डबा काढला आणि आधण ठेवलं. डबा त्या दिवशी होता तेवढाच भरलेला होता. मी बघत राहिलो, तर म्हणाली की आता तुमचं पोट बरं झालं असेल.

दसऱ्याला येतोच. देवीला निरोप नको, मी आल्यावर माझा मीच बोलेन. दाजींस व तुला दोघांचा नमस्कार. मायेची पाखर अशीच राहावी.

तुझा सदू