नवी बॅट अन् तुझं धोपटणं

माय, सुनेनं मला पिकलबॉलची बॅट आणून दिली. या वयात, गुडघे कुरकुरत असताना! खेळ तुला कसा सांगू? मधे बुटकं जाळं, अलीकडं-पलीकडं दोन-दोन माणसं, अन् भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू. आष्टीतल्या आमच्या सोसायटीत गाड्या लावायच्या जागेवर पोरांनी पट्टे आखलेत. बॅट पिशवीतून काढली अन् मी हसतच सुटले. आखूड मूठ, रुंद चपटं अंग, कोपरे गोल. अगं, हुबेहूब तुझं कपडे धुवायचं धोपटणं! फक्त वजनाला काहीच नाही, अन् अंगावरून बोट फिरवलं तर नुकतीच टाकी लावलेल्या पाट्यासारखं खरखरीत लागतं. पहिलाच चेंडू मारला तर टॉक् असा कोरडा आवाज आला, अन् चेंडू पार भिंतीपलीकडं. सून म्हणाली, "आई, जरा हळू. कपडे नाही धूत आपण." तिला काय माहीत!

तेव्हापासून तू मला सारखी गुरांच्या छावणीत दिसतेस. त्या दुष्काळात सहकारी सोसायटीनं छावणी उघडली, अन् आपण दोन म्हशी घेऊन तिथंच बिऱ्हाड मांडलं. प्यायला टँकरचं पाणी, धुणं आठवड्यातून एकदा, तेही नुसतं खळबळून. तरी तू धोपटणं सोबत आणलंस. शेजारच्या दावणीच्या मावशींनी विचारलं, "पानी न्हाई, अन् हे कावून आनलंस गं?" तू म्हणालीस, "माझ्या बापानं त्याच्या हातानं केलंय. म्हशी ऱ्हावू देत न्हाईतर जावू देत, हे न्हाई सोडायची." बाभळीचं होतं, मुठीत पितळेचा खिळा ठोकलेलं. तू वैरणीच्या रांगेत उभी आहेस, अन् मी त्यानं सुतळीचा चेंडू उडवतेय. एकदा चेंडू हुकला, धोपटणं दगडावर बसलं अन् उभं चिरलं. मी दोन्ही फाळ्या गुपचूप मावशींच्या चुलीत सारल्या. संध्याकाळी तू सगळी छावणी डोक्यावर घेतलीस, मावशींवर चोरीचा आळ घातलास. मी म्हशींच्या आड जाऊन बसले. छावणी उठेपर्यंत तू त्यांना रोज शिव्या घातल्यास, अन् पुढं बोलणंच टाकलंस, ते मरेपर्यंत.

मावशी आता ऐंशीच्या पुढं. आमच्याच गल्लीत लेकाकडं असतात, संध्याकाळी खेळ बघायला बाकावर येऊन बसतात. काल मी बॅट त्यांच्या हातात दिली. त्यांनी उलटीपालटी केली अन् म्हणाल्या, "आगं, हे तर तुझ्या मायचं धोपटणं!" "मावशी, ते मी फोडलं होतं," मी म्हणाले, "अन् तुमच्या चुलीत घातलं."

"मला म्हाईत हाय की. राख काढताना पितळंचा खिळा घावला."

"मग बोलला कावून न्हाईत?"

"तुझी माय म्हशींच्या काळजीनं कावल्याली. तुला लई मारलं असतं. अन् माझ्याशी भांडली की तिला भाकर तरी गोड लागायची. भांडायची बी लई झकास!"

हसता हसता त्यांना ठसका लागला, अन् मला रडू आलं. मग म्हणाल्या, "रडतीस काय, एक चेंडू टाक मला." बसल्या जागेवरून असा हाणला की थेट आमच्या चेअरमनच्या गाडीवर!

माय, मावशी तुझ्याकडं आल्या की आधी तू बोल. घाई काही नाही, त्यांना आज पुन्हा खेळायचंय. हे पत्र कुठं टाकणार, बॅटच्या पिशवीतच ठेवते. छावणीनंतर तू कितीतरी वर्षं होतीस, कधीही सांगता आलं असतं. माराला भ्याले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण मारलंस तरी तू मागून चार घास भरवायचीसच. खरी भीती वेगळीच होती. मावशींशी टाकलंस तसं तू माझ्याशीही बोलणं टाकशील, असं मला वाटायचं.