आईची गाडी

आईच्या लाडक्या शास्त्रज्ञा,

तुझी किळस येते, हे आधीच लिहून टाकते. दवाखान्यात जायला-यायला आईनं हौसेनं घेतलेली एवढीशी गाडी तू उघडून बसलास. भंगारातून टर्बो आणलास आणि तो चक्क दुधाच्या पातेल्यात रॉकेल ओतून धुतलास. शी! इंजिनाला जोर आला, तर तुला गाडीच जड वाटायला लागली. मग एसी काढलास, मागची सीट काढलीस, शेवटी तुझ्या शेजारचीही काढलीस.

काल आईचे डोळे तपासायला निघालो, तर आम्ही दोघी बस स्टॉपवर उभ्या. तू समोरून सुसाट गेलास, वर आम्हाला बघून हॉर्न दिलास! आईनं हात हलवला आणि रांगेतल्या सगळ्यांना सांगितलं, "माझ्या मुलानं घरी बनवलीय." गाडी कुणाची, ते मात्र ती बोलली नाही.

हे पत्र तुझ्या पान्यांच्या पेटीवर ठेवणार होते. आईला वाचून दाखवलं, तर म्हणते, "नको गं, हिरमोड होईल त्याचा."

बरं, नाही ठेवत.

गाडीतून उतरवलेलं वजन,
तुझी ताई