अष्टमीच्या दुपारची भरती

॥ श्री ॥
रोहा, ५ जानेवारी १९८६

चि. पुंडलिक यास ताईचे आशीर्वाद.

पत्र रागात लिहिते आहे, म्हणून आशीर्वाद आधीच देऊन टाकले. पेणहून तू पाठवलेलं तुझं चौथं पुस्तक, ‘मृत्यूची उघाडी’, मिळालं. मुखपृष्ठावर ओल्या साडीतली बाई आणि पिस्तूल. आपल्या खारात, खाडीकाठच्या भातशेतीत, पिस्तूल कोणी पाहिलंय रे? टोपणनावाने लिहितोस तेच बरं, नाहीतर आईला गावात तोंड दाखवता आलं नसतं.

पण खोटं बोलणार नाही. पहिली साठ पानं मी उभ्यानेच वाचली. बांधावरचा चिखल, ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडायला उघाडीची फळी वर ओढणं, भरती चढायच्या आत ती पाडून दार बंद करणं, हे सगळं इतकं नेमकं उतरलंय की शेगडीवरचं दूध उतू गेलं. मग शहरातून ती नायिका येते आणि पुस्तकाची रया जाते. तिसऱ्याच भेटीत ती इन्स्पेक्टरच्या छातीवर डोकं ठेवून रडते. का रडते ते तिला ठाऊक नाही, मलाही कळलं नाही, आणि तुला तरी कळलं असेल असं वाटत नाही.

आमच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मी एक कोरा कागद चिकटवते, वाचकांच्या अभिप्रायासाठी, हे तुला माहीत आहेच. नर्स सीताबाईंनी लिहिलंय की रात्रपाळी छान गेली, पण शेवट वाचून पुस्तक फेकावंसं वाटलं. कंडक्टर कमळाकर लिहितो, नागोठण्यापर्यंत मस्त, पुढे कंटाळा.

माझा अभिप्राय कागदावर मावणारा नाही. तुझा उघाडीवाला स्मगलरांकडून सोनं घेऊन दार उघडं ठेवतो आणि पळून जातो. नाव बदललंस, पण आपल्या गावात तेव्हा उघाडीवाला एकच होता. काळुराम. चौसष्ट साली उभं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं, गावकीने त्याला वाळीत टाकलं आणि त्याच्याशी ठरलेलं माझं लग्न मोडलं. गावाने त्याला बेफिकीर म्हटलं होतं. चोर कोणीही म्हटलं नव्हतं. ते तू म्हटलंस.

आणखी एक. पान एकाहत्तरवर अष्टमीच्या भर दुपारी भरती येऊन शेतं बुडतात. अष्टमीच्या दुपारी खाडीत ओहोटी असते. दुपारचं उधाण येतं ते अवसेला नाहीतर पुनवेला, हे आपल्याकडची शेंबडी पोरंही सांगतील. खारात वाढलेल्या माणसाने ही चूक केलीच कशी?

उत्तर धाड. लोभ किती ठेवायचा ते उत्तर वाचून ठरवीन.

चंद्रावती


पेण, १० जानेवारी १९८६

ती. ताईस पुंडलिकचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र छापखान्यात आलं. मुद्रितं तपासायची सोडून दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं. ताई, ते एकशे अठ्ठावीस पानांचं पुस्तक आहे, पोथी नाही. माणूस एसटीत बसतो, वाचतो, उतरताना सीटवर विसरतो. प्रकाशक म्हणतात की नायिका सत्तराव्या पानाच्या पुढे गेली तर गिऱ्हाईक जातं, आणि स्मगलर नसेल तर पुस्तक उचलतच नाहीत. मी काय करू? तुझ्यासारख्या चार विदुषींसाठी लिहिलं तर छापणार कोण?

तिथीचं म्हणशील तर ती नजरचूक आहे. हजार पुस्तकं खपली, एकानेही विचारलं नाही. तुलाच बरी सापडली!

काळुरामचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही. गाव बावीस वर्षं जे बोलतं तेच थोडं तिखटमीठ लावून लिहिलं. तुला पहिली साठ पानं आवडली, पण ती कुठून आली ते कळत नाही. तू वाचनालयाच्या खुर्चीत बसून मत देतेस. पाण्याने फळी एकदा तिरकी धरली की ती ना वर येते ना खाली जाते. दोरखंड हातातून सुटतो आणि कातडी सोबत घेऊन जातो. ते माझ्या तळव्यांना ठाऊक आहे, तुला नाही.

रागात जास्त बोललो असेन तर धाकटा म्हणून पोटात घाल.

पुंडलिक


रोहा, १४ जानेवारी १९८६

पुंडलिक,

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस, आणि माझ्या तोंडात एकही गोड शब्द नाही. म्हणून मायना गाळला आहे.

तुझ्या तळव्यांना कसं ठाऊक? तू उघाडीला कधी हात लावला होतास? त्या पिठोरी अमावास्येला तू घरी तापाने निजला होतास, असं तूच गावकीसमोर सांगितलं होतंस. संध्याकाळी आई तुझ्या हातांना हळद लावत होती. कुंपणाचे काटे लागले, असं तू तिला म्हणालास. तापाने निजलेला माणूस कुंपणात कशाला गेला, हे मला तेव्हा सुचलं नाही. शेत गेलं होतं, काळुराम मान खाली घालून बसला होता, तुझ्या हातांकडे कोण बघणार?

आता तुला न सांगितलेलं सांगते. त्या दिवशी काळुराम माझ्याबरोबर पेणला होता. दोघांचा एक फोटो काढावा हा हट्ट माझा होता. तो नको म्हणत होता, आज अवस हाय, दुपारला उधाण येल, असं दोनदा म्हणाला. मी रुसले. मग तो आला. परतलो तेव्हा बांधावरून गाव रडत येत होतं. गावकीत तो एवढंच म्हणाला की उघाडी माझी, चूक माझी. माझं नाव घेतलं नाही. फोटो आणायलाही मी कधी गेले नाही.

बावीस वर्षं मी समजत आले की माझ्या रुसण्याने गावाचं भात बुडालं आणि एका माणसाचं घर सुटलं. दोन स्थळं आली ती मी याच कारणासाठी परतवली. म्हणून विचारते, आणि एकदाच विचारते. फळी पाडायचं काम त्याने कोणावर सोपवलं होतं? अष्टमी ही नजरचूक नाही. गावाने ओळखू नये म्हणून तू अवस पुसलीस.

खरं लिही. नाहीतर यापुढे पत्र लिहू नकोस.

चंद्रावती


पेण, २१ जानेवारी १९८६

ती. ताईस नमस्कार.

सहा दिवस कागद समोर ठेवून बसलो. आता लिहितो.

माझ्यावर. काळुरामने सकाळी मला बजावलं होतं की बाराच्या आत फळी पाड. कुठे जातोय ते सांगितलं नाही, पण नवं धोतर नेसला होता, म्हणून तुझ्याबरोबर जातोय हे मी ओळखलं. मी ओहोटीला फळी वर ओढली, पाणी सोडलं आणि बांधावर वाचत बसलो. पेणच्या मित्राकडून आणलेली रहस्यकथा होती, संध्याकाळी परत द्यायची होती. चौदा पानं उरली होती. खुनी कोण एवढं कळलं की उठतो, असं स्वतःला सांगत राहिलो. पाणी पायाला लागलं तेव्हाही तीन पानं होती, आणि ताई, मी ती वाचली. खुनी निघाला जुळा भाऊ, ज्याचा तोवर पुस्तकात पत्ताच नव्हता. इतकी चीड आली की पुस्तक खाडीत भिरकावलं. मग उघाडीकडे बघितलं. फळी तिरकी झाली होती.

काळुरामने माझे हात बघितले आणि सगळं ओळखलं. तुझं मॅट्रिकचं वरीस हाय, गप ऱ्हा, चंद्राला तर बोलूच नको, असं म्हणाला. मी गप्प राहिलो. आधी भीतीने, मग सवयीने.

हे पुस्तक खरं तर तेच सांगायला घेतलं होतं. साठ पानांपर्यंत धीर पुरला. पुढे उघाडीवर वाचत बसलेला पोरगा आणायचा होता, तिथे हात थांबला आणि मी स्मगलर आणला. तुझा अभिप्राय बरोबर आहे. पुस्तक जिथे बिघडलं तिथेच मी बिघडलो.

माफी मागायचं तोंड नाही. तरी मागतो.

पुंडलिक


रोहा, ४ फेब्रुवारी १९८६

पुंडलिक,

तुझं पत्र वाचून दोन दिवस वाचनालय उघडलं नाही. जुळा भाऊ निघाला म्हणून तुला चीड आली होती ना? माझ्या गोष्टीत सख्खा निघाला. आणि माझ्याकडे भिरकावून द्यायलाही काही नव्हतं.

काळुरामवरचा राग याहून कमी नाही. तुला वाचवलं, तो मोठा झाला, तू मॅट्रिक झालास. बांधावर उभं राहून तुम्ही दोघांनी माझं आयुष्य आपसांत ठरवून टाकलं, आणि मला विचारायचं कोणाच्याही मनात आलं नाही. मी काय तुझ्या पुस्तकातली नायिका होते, नुसती रडायला आणलेली?

काळुराम आता खांब गावी असतो, सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बायको हौसा, दोन मुली. कमळाकरची गाडी तिथूनच जाते. त्याच्या हाती मी वाचनालयाची प्रत पाठवली, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. कमळाकर सांगत होता की तीन दिवस तो चष्मा लावून दुकानातच वाचत होता. पंक्चरवाल्यांना थांबवून ठेवलं, म्हणून हौसाबाई ओरडत होती. पुस्तक परत देताना तो म्हणाला म्हणे की मला माझं मत आजवर कोनी इचारला नाय.

पुस्तक काल आलं. मागच्या कागदावर, कमळाकरच्या ओळीखाली, पेन्सिलने लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते. ‘पुस्तक निम्मे चांगले. तिथी चुकली आहे. अष्टमी नव्हती, पिठोरी अमावास्या होती. त्या दिवशी उघाडीवर मी नव्हतो. काळुराम ठाकूर, खांब.’

बावीस वर्षांत त्याने हे पहिल्यांदा म्हटलं. मी काउंटरवरच रडले. या वेळी का रडते ते मला ठाऊक होतं.

येत्या रविवारी अवस आहे आणि गावकीची बैठक आहे. मी पुस्तक घेऊन जाणार आणि तो कागद सगळ्यांसमोर वाचणार. आईला मी आधीच कळवलं आहे, तिच्यामागे लपायला जाऊ नकोस. उधाण बाराला आहे. तू त्याच्या आत गावी ये.

काळुरामच्या ओळीखाली मी कोणाला लिहू दिलेलं नाही. ती जागा तुझी आहे. तिथे खरं नाव लिही, टोपण नको.

लोभाचं त्यानंतर बघू.

चंद्रावती